मद्यपी सारथी, दंड आणि आरोपीचा अधिकार

दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यास शासन व्हावे, याविषयी सज्जनांत मतभेद आढळत नाही. मतभेद सुरू होतो तो त्यापुढच्या पायरीवर. अशा माणसास पकडल्यावर कायदा त्याच्या पदरी काही अधिकार घालतो. अटकेचे कारण त्याला सांगितले पाहिजे, त्याला वकील मिळाला पाहिजे, त्याची वैद्यकीय तपासणी ठरल्या वेळात झाली पाहिजे, आणि त्याच्याच मुखातून त्याच्याविरुद्धची साक्ष बळाने काढता येत नाही. हे ऐकले म्हणजे सदाचरणी गृहस्थाच्या मनात संताप उठतो. ज्याने दुसऱ्यांच्या प्राणांची पर्वा केली नाही, त्याची एवढी काळजी कशासाठी? हा प्रश्न टाकाऊ नाही. त्याच्या मुळाशी मृतांविषयीची करुणा असते. परंतु आपल्या संतापाला सात्त्विक हे विशेषण बहुधा आपण स्वतःच लावीत असतो, म्हणून तो एकदा तपासून घेणे इष्ट होय.

या विषयाचा एक अर्वाचीन अध्याय चंडीगढ नगरीत घडला. पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची ती सामाईक राजधानी. चंडीमातेच्या मंदिरावरून तिला नाव मिळाले, आणि रुंद सरळ मार्ग व आखीव सेक्टर यांच्यामुळे तिची कीर्ती झाली. तिला लागून असलेल्या मोहालीच्या सेक्टर ८१ मध्ये विज्ञानाच्या मोठमोठ्या संस्था उभ्या आहेत, आणि त्या परिसराला तर नॉलेज सिटी, म्हणजे ज्ञाननगरी, असेच नाव आहे. या चंडीगढचे रहिवासी हरमनसिंग सिद्धू हे १९९६ मध्ये हिमाचल प्रदेशात मोटार दरीत कोसळून जायबंदी झाले व तेव्हापासून चाकांच्या खुर्चीला खिळले. त्यांनी दैवाला बोल लावीत बसण्याऐवजी रस्त्यावरील सुरक्षिततेचे कार्य हाती घेतले आणि ‘अराइव्ह सेफ’ ही संस्था चालवली. महामार्गांच्या कडेला दारूची दुकाने कशासाठी, हा त्यांचा प्रश्न पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयापुढे गेला. २०१४ मध्ये त्या न्यायालयाने दुकाने हटवण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले, आणि १५ डिसेंबर २०१६ रोजी निर्णय झाला की, राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री होऊ नये, जुने परवाने ३१ मार्च २०१७ नंतर चालू राहू नयेत.

यानंतर जे घडले ते मोठे बोधप्रद आहे. मार्च २०१७ मध्ये चंडीगढच्या प्रशासनाने नगरातून जाणाऱ्या राज्य महामार्गांचे नावच बदलले आणि त्यांना प्रमुख जिल्हा मार्ग ठरवले. रस्ता तोच, त्यावरील डांबर तेच, रात्री त्यावरून धावणारी वाहनेही तीच; केवळ संज्ञा पालटली आणि नियम दूर झाला. सिद्धूंच्या संस्थेने याविरुद्ध दाद मागितली. उच्च न्यायालयाने ती अमान्य केली, आणि ११ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की, नगरपालिका क्षेत्रातील परवानाधारक दुकानांना आपला पूर्वीचा आदेश लागू नाही. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य; नगरातील वाहतूक व दूरच्या महामार्गावरील वेगवान वाहतूक यांत भेद आहे, हे म्हणणेही निराधार नाही. तथापि संज्ञा बदलून वस्तू बदलत नाही, हे न्यायशास्त्राचा प्रथम पाठ घेतलेल्या विद्यार्थ्यालाही कळते.

महाभारताचे मौसलपर्व ज्यांनी वाचले आहे, त्यांना येथे द्वारकेची आठवण होईल. मुसळाचे अरिष्ट ओळखून त्या नगरीत दवंडी पिटवण्यात आली होती की, आजपासून वृष्णी व अंधक यांच्या घरी कोणीही मद्य गाळू नये, आणि जो चोरून गाळील त्याला बांधवांसह सुळी दिले जाईल. मद्यबंदीची याहून कठोर आज्ञा क्वचितच सापडेल. लोकांनी भयाने ती पाळलीही. मग प्रभासक्षेत्राची यात्रा निघाली, आणि यादवांनी खाद्यपेयांबरोबर मद्यही भरपूर नेले. द्वारकेतील आज्ञा प्रभासात लागू नव्हती, असेच जणू सर्वांनी मानले. तेथे प्यायल्यावर सात्यकी व कृतवर्मा यांच्यात जुन्या युद्धातील कृत्यांवरून शब्द वाढला, आणि कुळ संपले. साक्षात भगवंतांच्या डोळ्यांदेखत हे घडले. आज्ञेच्या सीमेबाहेर जाऊन पिण्याची युक्ती मनुष्यास कोणी शिकवावी लागत नाही.

म्हणून दुकानाचे अंतर मोजणारा नियम कितीही उपयुक्त असला, तरी खरा प्रश्न सुकाणूचक्रापाशी बसलेल्या माणसाचा उरतो. त्याच्याविषयी मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे १८५ वे कलम आहे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असता वाहन चालवणे, किंवा चालवण्याचा नुसता प्रयत्न करणे, हा अपराध होय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पुनरावृत्ती झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, पंधरा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. सिग्नल मोडल्याप्रमाणे जागच्या जागी पैसे भरून हे प्रकरण मिटत नाही. न्यायालयाची पायरी चढावी लागते.

तीसच का, पन्नास का नाही, असा वाद घालणारे चतुर लोक प्रत्येक मेजवानीत भेटतात. दोन पेल्यांनी आपल्याला काही होत नाही, हे त्यांचे ठरलेले वाक्य. यातील दोष सूक्ष्म आहे. कठोपनिषदात शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. मद्य घोड्यांना किंवा लगामाला लागण्यापूर्वी सारथ्याला लागते. आपण वाहन चालवण्यास योग्य आहोत की नाही, हे ज्या शक्तीने ठरवायचे, तीच शक्ती प्रथम मंद होते. म्हणून प्यायलेल्या माणसाने स्वतःविषयी दिलेला निर्वाळा हा दिवाळखोराने स्वतःच्या पतीविषयी दिलेल्या दाखल्यासारखा समजावा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून विनाशापर्यंतची उतरंड सांगितली आहे: आसक्ती, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश. विषयलंपट मनुष्य ती एकेक पायरीने उतरतो, आणि वाटेत सावरण्यास त्याला अवकाश असतो. मद्यपी मात्र पहिल्या पायऱ्या सोडून थेट संमोहाच्या पायरीवर उडी घेतो, तीही पैसे देऊन!

आता कर्तृत्वाचा प्रश्न. अपघातानंतर तो म्हणतो, ‘मी शुद्धीत नव्हतो, मग मी कर्ता कसा?’ वेदान्ताचे चार शब्द ठाऊक असणारा त्यात अकर्तृत्वाचा सिद्धान्तही मिसळतो. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. अपघाताला ही गणना तंतोतंत लागू पडते. रस्ता आहे, चालक आहे, यंत्र आहे, सर्वांच्या हालचाली आहेत, आणि त्याच क्षणी कोणी तरी रस्ता ओलांडायला निघाला हे दैवही आहे. परंतु दैव पाचवे आहे, एकमेव नव्हे. चार कारणे झाकून पाचव्याकडे बोट दाखवणे हा गीतेचा अर्थ नव्हे. त्याच अध्यायात तामस कर्माचे लक्षण आले आहे: परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म. मद्यपीच्या वाहनचालनाचे याहून नेमके वर्णन कोणत्याही विधिज्ञाला साधलेले नाही. येथे आरंभलेले हा शब्द निर्णायक आहे. धडक बसली तेव्हा तो शुद्धीत नसेल, पण पहिला पेला उचलला तेव्हा होता, आणि किल्ली खिशात आहे हेही त्याला ठाऊक होते. भारतीय न्याय संहितेची २३ व २४ ही कलमे हाच भेद करतात: इच्छेविरुद्ध वा नकळत पाजले गेले असेल तर गोष्ट वेगळी, स्वेच्छेने प्यायलेल्यास मात्र शुद्धीवरील माणसाइतकेच ज्ञान होते असे मानले जाते.

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे एक मोटार पदपथावर चढली. तेथे झोपलेल्या मजुरांपैकी सात जण मरण पावले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्यार्क आढळला होता. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने हे केवळ निष्काळजीपणाचे कृत्य न मानता सदोष मनुष्यवध मानला व तीन वर्षांची शिक्षा ठरवली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शिक्षा अपुरीच आहे असे मतही नोंदवले, परंतु राज्याने वाढीसाठी अपील केलेले नसल्यामुळे ती वाढवली नाही. सात माणसे गेल्यावरही न्यायालय आपल्या मर्यादेच्या आत राहिले, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

चालकाचा अपराध व त्याचा बचाव हा विषय पाश्चात्त्यांकडून आला, असा अनेकांचा समज आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बैलगाडी व रथ यांच्या अपघातांचे स्वतंत्र प्रकरण आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यात दहा प्रसंगी चालक, गाडी व मालक यांना दंड नाही असे सांगितले आहे. वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी वा मागे वळली, आस किंवा चाक भंगले, बंध, जोते वा लगाम तुटला, अथवा ‘बाजूला व्हा’ असे ओरडून सांगितले असता अपघात झाला, तर दोष धरू नये. इतर प्रसंगी दंड. चालकाच्या अकौशल्याने गाडी भलतीकडे गेली तर मालकाला दोनशे पणांचा दंड, कारण अयोग्य माणूस त्याने नेमला. चालक कुशल असेल तर दंड चालकालाच. आणि चालक अयोग्य असता जे गाडीत बसले, त्या प्रत्येकाला शंभर पण! मनुष्य मेला तर चालकाचे पाप चोराच्या पापाइतके धरले आहे.

बसणाऱ्यांविषयीचा हा नियम गृहस्थांनी दोनदा वाचावा. लग्नसमारंभ आटोपून रात्री निघताना मामा वा मेहुणा झुलत असतो, सर्वांना ते दिसत असते, तरी वडीलधाऱ्याला किल्ली कशी मागावी या संकोचाने पाच-सहा माणसे मुलाबाळांसह त्याच्या मागे बसतात. मनूच्या दृष्टीने ते सारे दंडार्ह आहेत. सध्याच्या अधिनियमातही १८८ वे कलम अशा अपराधाला साहाय्य करणाऱ्यास शिक्षा सांगते. नुसते गाडीत बसणे त्यात येईल की नाही, हे न्यायालय प्रसंग पाहून ठरवील. मनूने मात्र शंकेला जागा ठेवली नाही. पेल्यावर पेला भरणाऱ्या आणि नंतर दारात उभे राहून ‘सांभाळून जा हं’ म्हणणाऱ्या यजमानाविषयी स्मृतिकार गप्प आहेत, ही उणीव म्हणावी लागेल.

मनूच्या त्या दहा अपवादांचे मर्म असे की, अपघात झाला एवढ्यावरून चालक अपराधी ठरत नाही. आस मोडली की हात चुकला, हे पाहावे लागते, आणि पाहायचे म्हणजे आरोपीचे म्हणणे ऐकावे लागते. हा अधिकार त्याच्यावरील कृपा नव्हे. दंड देणाऱ्याचे ते कर्तव्य आहे. अदंड्याला दंड करणारा व दंड्याला सोडणारा, दोन्ही राजे अपकीर्ती व नरक पावतात असे स्मृती सांगते. दोन दोष एकाच वचनात, एकाच तराजूत ठेवले आहेत.

मांडव्य ऋषींची कथा आदिपर्वात आहे. मौनव्रत धरून ते आश्रमाच्या दारी उभे होते. राजपुरुष ज्यांच्या मागावर होते, ते चोर माल घेऊन आश्रमात शिरले व लपले. ‘चोर कोठे गेले?’ असे राजपुरुषांनी विचारले; ऋषी बोलले नाहीत. झडतीत माल सापडला, मौनाचा अर्थ अपराध असा लावला गेला, आणि राजाने चोरांबरोबर मुनीलाही सुळावर चढवले. सुळाचे टोक शरीरात तसेच राहिल्याने ते अणिमांडव्य झाले. पुढे त्यांनी प्रत्यक्ष धर्मराजाला जाब विचारला. बालपणी एका कीटकाला काडी टोचल्याचे हे फळ, असे उत्तर मिळताच, अल्प अपराधाला एवढा दंड दिल्याबद्दल त्यांनी धर्माला शाप दिला, आणि विदुराचा जन्म झाला. साक्षात धर्मदेवताही दंडाचे प्रमाण चुकल्यास शापाला पात्र होते, तेथे रात्रीच्या नाक्यावरील शिपायाची कथा काय?

तो शिपाई वाईट असतो असे नव्हे. चंडीगढच्या थंडीत मध्यरात्री चौकात उभे राहून अनोळखी माणसांचे उग्र श्वास पाहणे हे सुखाचे काम नाही, आणि त्याच्यामुळे वाचलेले प्राण कोणत्याही वहीत नोंदले जात नाहीत. परंतु यंत्र चुकू शकते. मद्यार्कयुक्त औषधाने नुकतीच चूळ भरली असता श्वासयंत्र भलता आकडा दाखवू शकते. रक्त काढताना त्वचा मद्यार्काने पुसली तर नमुना दूषित होऊ शकतो. आणि माणूस तर यंत्राहूनही चुकतो. १९७१ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तोंडाला वास, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या व अडखळते बोलणे एवढ्यावरून, रक्ताची तपासणी नसता, मद्यधुंदपणा सिद्ध होत नाही. धडकेने डोक्याला मार बसलेला किंवा मधुमेहाने साखर उतरलेला माणूसही झोकांड्या देतो व अडखळत बोलतो. त्याला दारुडा समजून कोठडीत टाकले तर सकाळपर्यंत तो कदाचित उरणारही नाही.

यासाठी अधिनियमाने बंधने घातली आहेत. संशयाला वाजवी कारण असावे, चाचणी घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात असावा. रुग्णालयात दाखल झालेल्या जखमीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने, उपचाराला बाधा येईल म्हणून हरकत घेतली, तर नमुना मागता येत नाही. स्त्रीचे रक्त पुरुष डॉक्टरने काढायचे असेल तर दुसरी स्त्री उपस्थित असली पाहिजे. अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास आरोपीला सोडून द्यावे लागते. या शेवटच्या नियमावर पुष्कळांचा राग असतो. परंतु मद्यार्क रक्तात स्थिर राहत नाही. घटकेघटकेने तो उतरतो, आणि उशिराचा आकडा गाडी चालवतानाच्या स्थितीचे खरे प्रमाण राहत नाही. विलंबाचा लाभ कधी अपराध्याला होतो, कधी निरपराध्याची रात्र विनाकारण कोठडीत जाते. दोन तासांची अट पोलिसांना तत्पर ठेवते. शिवाय सुटका माणसाची होते, किल्लीची नव्हे. वाहनाची तात्पुरती व्यवस्था लावण्याचा अधिकार पोलिसांना त्याच २०२ व्या कलमाने दिला आहे.

मांडव्यांच्या मौनाचे काय? राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती वर्ज्य केली. ‘किती प्यालास?’ या प्रश्नाला तो मौन राहू शकतो, आणि मौन म्हणजे कबुली नव्हे. श्वास व रक्त यांचा प्रकार निराळा. अंगठ्याचा ठसा वा हस्ताक्षराचा नमुना देणे ही साक्ष नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवले. शरीर जे आहे ते दाखवते, ते काही सांगत नाही, हा त्यामागचा विचार. म्हणून सबळ कारणावाचून तपासणी नाकारल्यास तो नकार २०५ व्या कलमान्वये त्याच्याविरुद्ध विचारात घेता येतो. वाणी आपली, पण श्वास सर्वांच्या रस्त्यावर सोडलेला, असा हा भेद आहे, आणि तो मार्मिक आहे.

येथवर निरपराध्याचा विचार झाला. कठीण प्रश्न पुढेच आहे. ज्याने खरोखर मद्य घेतले होते आणि ज्याला ते स्वतः ठाऊक आहे, त्याने दोन तास उलटले, यंत्राची तपासणी वेळेवर झाली नव्हती, मोहोर नीट नव्हती, अशा त्रुटींवर सुटून जावे काय? कायद्याने तो जाऊ शकतो. वकिलाने त्या त्रुटी दाखवणे हे त्याचे स्वकर्म आहे. त्याने ते न केले तर उद्या मांडव्यालाही वकील उरणार नाही. राज्याकडे पुरावा मागण्यात आरोपीकडूनही असत्य घडत नाही. असत्य सुरू होते ते ‘मी प्यालोच नव्हतो’ असे म्हटले की. आणि अधर्म त्याहून पुढे, साक्षीदार फिरवणे, गाडी नोकर चालवीत होता असे रचणे, रक्ताचा नमुना पालटणे, येथे. १९ मे २०२४ रोजी पुण्यात भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मरण पावले, तेव्हा नमुना बदलल्याच्या आरोपाने महाराष्ट्र हादरला. आरोप सिद्ध होईल वा न होईल. पण लोकांना अपघाताइतकेच ते नमुन्याचे प्रकरण झोंबले, हे स्वाभाविक होते. अधिकार वापरणे निराळे, आणि पैशाने प्रमाणच नष्ट करणे निराळे.

तरीही मौन राखून निर्दोष सुटलेल्या त्या माणसापाशी काहीतरी शिल्लक राहतेच. शांतिपर्वात शंख व लिखित या बंधूंची कथा आहे. लिखिताने भावाच्या आश्रमातील फळे न विचारता खाल्ली. शंख म्हणाला, ही चोरी झाली. राजाकडे जा व दंड माग. राजा सुद्युम्न त्याला सोडून द्यायला सिद्ध होता. दंड देण्याचा अधिकार मला आहे तसा क्षमेचाही आहे, असे तो म्हणाला. लिखिताने क्षमा घेतली नाही. त्याचे हात तोडण्यात आले, आणि बाहुदा नदीत तर्पण करताना ते पुन्हा उगवले. मग त्याने भावाला विचारले, ‘तुझ्या तपोबलाने तूच मला आधी शुद्ध का केले नाहीस?’ शंखाने उत्तर दिले की, दंड देणे हे माझे काम नव्हे. राजाने ते केले, तेणेकरून तूही शुद्ध झालास आणि तोही.

लिखितासारखे आरोपी चंडीगढच्या न्यायालयात रोज येत नसतील. परंतु पहिल्याच तारखेला उभा राहून ‘होय, मी प्यालो होतो’ म्हणणारा आणि दंड भरून, परवाना निलंबित होऊन बसने कामावर जाणारा एखादा कारकून असतोच, आणि त्याची बातमी कोठे छापून येत नाही. जो त्रुटीवर सुटला, त्याच्याही वाटेत आणखी एक दार असते. अपघातात कोणी मेले असेल तर मृताची विधवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. तेथे फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही. काय घडले असण्याचा संभव अधिक, एवढेच पाहिले जाते, आणि आधीची निर्दोष सुटका त्या दाव्याला बांधून ठेवीत नाही. तेथे तिच्या समोरच्या बाकावर बसून तो काय सांगणार आहे, हे त्याच्या वकिलाने ठरवण्याजोगे नाही.